मलिक राजाचा चेहरा: एका मॉडमधल्या पात्रांना स्वतःची मॉडेल्स लावताना

पार्श्वभूमी

हे प्रकरण तिघांचं आणि त्यांच्या मॉडचं, म्हणजे एका जुन्या संगणकीय खेळात त्यांनी स्वतः केलेल्या बदलांचं. तिघेही खान्देशातले, पंचविशीच्या आतबाहेरचे, आणि काम सुरू झालं तेव्हा एकमेकांना प्रत्यक्ष जेमतेम दोनदा भेटलेले. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत. फाइली आणि कोड सांभाळणारा तो भुसावळकर. मॉडेल्स, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या माणसांचे त्रिमितीय आकार, घडवणारी ती जळगावची ताई. वयानं ती तिघांत धाकटी, पण कामात इतकी कडक की ताईच झाली. आणि इतिहास पाहणारा थाळनेरचा भाऊ. मी चमूत नव्हतो. घोडं अडलं तेव्हा भुसावळकराचा फोन आला, ‘दादा, एकदा बघून दे ना,’ आणि त्यानंतर मीही अडकलो तो अडकलोच.

खेळ जुना आहे: २००६ साली आलेला मेडिव्हल टू: टोटल वॉर, सोबत २००७ ची किंग्डम्स ही पुरवणी. इतक्या जुन्या खेळावर जीव का ओतायचा, असं मीही विचारलं. उत्तर सरळ होतं. याच्या बऱ्याचशा नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत आहेत, नोटपॅडमध्ये उघडतात. वर तो भुसावळकराच्या आठ जीबी रॅमच्या जुन्या संगणकावर विनातक्रार चालतो.

मूळ खेळाची मोहीम १०८० ते १५३० अशी चालते आणि नकाशा युरोप, उत्तर आफ्रिका, पश्चिम आशिया आणि उशिरा सापडणारा अमेरिकेचा काठ यांच्यापुरता. तापीचं खोरं त्यात नाही. या तिघांनी ते आधीच उभं केलं होतं. त्यात त्यांचं वर्ष गेलं आणि तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे. मोहीम सुरू व्हायची १३८२ मध्ये, म्हणजे मलिक राजा थाळनेरला फारुकी सत्ता उभी करतो त्या साली. थाळनेरच्या भावाचं घर तिथल्या जुन्या फारुकी कबरींपासून फार लांब नाही. लहानपणी त्या कबरींच्या भोवती तो लपाछपी खेळलेला. त्यामुळे फारुकी पक्ष निवडल्यावर रणांगणात समोर कुणीतरी अरबी सरदार येतो, हे त्याला सहन होत नव्हतं. त्याचं वाक्य मला तसंच्या तसं आठवतं: ‘हाऊ मना राजा नही शे.’

अडचण

मागणी एका ओळीची होती: प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला स्वतःचं मॉडेल हवं. यादी चौदा जणांची. ताईनं दिवाळीनंतर काम धरलं, भुसावळकरानं नोंदी भरल्या, आणि पौषात पहिल्यांदा सगळं एकत्र करून खेळ उघडला तर तो सुरूच होईना. चित्रफीत संपते, पडदा काळा होतो आणि एक खिडकी येते: अनिर्दिष्ट त्रुटी आली आहे, खेळ बंद होत आहे. कुठे, का, काही नाही.

मी पाहायला गेलो तेव्हा पहिली गोष्ट लक्षात आली ती त्रुटीची नव्हती. ‘पात्राला मॉडेल लावणे’ या तीन शब्दांत चार निराळी कामं दडली होती आणि तिघं ती एकच समजत होते.

या खेळात एका माणसाची रूपं अनेक ठिकाणी असतात. रणांगणावर तो घोड्यावर दिसतो, ते युद्धाचं मॉडेल. मोहिमेच्या नकाशावर तो हातभर बाहुल्यासारखा उभा असतो, ते नकाशाचं मॉडेल. त्याची फाइल वेगळ्या प्रकारची, नोंद वेगळ्या फाइलीत. खालच्या पट्टीत त्याचं चित्र असतं, तेही निराळं: तरुणपणी एक, म्हातारपणी दुसरं, मेल्यावर तिसरं. आणि या सगळ्यांच्या आधी त्याचं नाव. ते पक्षाच्या नावांच्या यादीत नसेल तर बाकी काही लावण्यात अर्थ नाही.

युद्धाच्या मॉडेलची नोंद राहते बॅटल मॉडेल्सच्या मॉडेलडीबी फाइलीत. कोणता जाळीदार आकार वापरायचा, कोणत्या पक्षासाठी कोणतं टेक्श्चर (त्या आकारावर चढवायचं रंगीत चित्र), कोणत्या हालचाली, स्वार की पायदळ, हे सगळं तिथं. पण ही नोंद म्हणजे फक्त कपाटातला पोशाख. तो कुणाला घालायचा हे दुसरीकडे ठरतं. मोहिमेच्या सुरुवातीची मांडणी ज्या फाइलीत असते तिला मॉडिंगवाले बोलताना डेस्कर-स्ट्रॅट म्हणतात. तिथं प्रत्येक पात्राची एक ओळ असते: नाव, प्रकार, वय, नकाशावरची जागा. त्याच ओळीत पुढे चित्राचं आणि युद्धाच्या मॉडेलचं नाव जोडता येतं. किंग्डम्समध्ये रिचर्ड किंवा सलादिन यांच्यासारख्यांना वेगळं ओळखता येतं ते याच वाटेनं. नकाशावरचा बाहुला मात्र या ओळीतून बदलत नाही. तो डेस्कर-कॅरेक्टर या फाइलीतून येतो, आणि तिथं पक्ष आणि पात्राचा प्रकार इतकंच पाहिलं जातं. माणूस कोण, याच्याशी त्या फाइलीला देणंघेणं नाही.

म्हणजे रणांगणावरचा चेहरा माणसाचा, नकाशावरचा चेहरा पदाचा. चौदा जणांच्या यादीला इथंच पहिला तडा गेला.

पर्याय

आम्ही चौघं एका रविवारी जळगावला ताईच्या घरी बसलो. तिच्या आईनं भरीत आणि कळण्याच्या भाकरी केल्या होत्या, त्यामुळे बैठक लांबली आणि भांडण कमी झालं.

पहिला पर्याय भुसावळकराचा: डेस्कर-कॅरेक्टरमध्येच बदल करायचा. फारुकी पक्षाच्या सगळ्या सरदारांना एक नवं मॉडेल, नकाशावरही आणि रणांगणावरही. काम कमी, मोडायला जागा कमी. तोटा उघड आहे: बाप, लेक, जावई, सगळे एकाच चेहऱ्याचे. थाळनेरच्या भावानं हा पर्याय ऐकूनही घेतला नाही.

दुसरा, मूळ ठरलेला: चौदाही जणांना डेस्कर-स्ट्रॅटमधून एकेक स्वतंत्र मॉडेल. ताईच्या हिशेबानं एका मॉडेलला तीन आठवडे लागत होते. नोकरी सांभाळून चौदा मॉडेल्स म्हणजे वर्ष गेलं. शिवाय यात एक फसगत आहे, ती मी मुद्दाम मांडली. हे चौदा जण मोहिमेच्या पहिल्या दिवशी जिवंत असलेले. पुढे जन्मणाऱ्यांना त्या फाइलीत ओळच नाही, ते पक्षाचा सर्वसाधारण चेहरा घेऊनच येणार. चाळीस-पन्नास वर्षांचा खेळ झाला की ताईचं सगळं कष्टाचं काम कबरीत आणि पडद्यावर पुन्हा तोच अरबी सरदार.

तिसरा पर्याय, खेळाच्या इंजिनाला बाहेरून जोड देणारं साधन वापरायचं. अशी साधनं आहेत. त्यांत लुआ या संगणकीय भाषेत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहून एकेका माणसाचं रूप खेळ चालू असताना बदलता येतं, नकाशावरचंही. भुसावळकराचे डोळे चमकले. पण मॉड खेळणाऱ्या प्रत्येकाला मग ते साधन आधी बसवावं लागणार, आणि यांचे खेळणारे म्हणजे शिरपूर-चोपड्याची कॉलेजची पोरं. त्यांना फोल्डर एका जागी चिकटवणं इतकंच सांगता येतं. तो पर्याय पुढच्या टप्प्यासाठी ठेवला.

शेवटी ठरलं ते मिश्र होतं. पक्षासाठी एक चांगलं सामायिक मॉडेल. ते नकाशावर आणि पुढे जन्मणाऱ्यांसाठी. तिघांना युद्धाची स्वतंत्र मॉडेल्स. उरलेल्या अकरा जणांना फक्त स्वतःचं चित्र. चित्राची किंमत एका संध्याकाळची, आणि खेळणारा माणूस रणांगणापेक्षा खालच्या पट्टीकडेच जास्त वेळ पाहतो. हा निर्णय आज मागे वळून पाहता सगळ्यात बरोबर वाटतो. तो चौदा मॉडेल्सच्या नोंदी भरून झाल्यावर घेतला, ही त्यातली खंत.

ते तिघं कोण, यावर अर्धा तास गेला. मलिक राजा ठरलेलाच. दुसरा त्याचा मुलगा नासीर खान, ज्यानं असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवलं. तिसऱ्या जागेसाठी भुसावळकराला बहमनी सुलतान हवा होता, मोठा शत्रू म्हणून. ताई अडून बसली: आसा अहीर. असीरगडाचा तो धनी, ज्याच्याकडून नासीर खानानं डोल्यांत सैनिक लपवून गड काढून घेतला अशी कथा इतिहासकार फिरिश्त्यानं दिली आहे. ‘अहिराणी बोलणाऱ्या पोरांच्या मॉडमध्ये अहीरच नको का?’ यावर कुणाकडे उत्तर नव्हतं.

नासीरच्या वयाचा पेच

थाळनेरच्या भावानं इथं एक अडचण काढली, ती माझ्याही ध्यानात आली नव्हती. मलिक राजा वारला १३९९ मध्ये, नासीर खान १४३७ मध्ये. म्हणजे १३८२ साली नासीर बहुधा लहान मूल असणार. खेळात सोळा वर्षांखालचा मुलगा नकाशावर नसतो. डेस्कर-स्ट्रॅटमध्ये त्याची नोंद निराळ्या, आखूड ओळीत होते. नाव, लिंग, वय, जिवंत की मृत, कधी गादीवर होता का, इतकंच. युद्धाचं मॉडेल लिहायला त्या ओळीत जागा नाही.

म्हणजे एक तर इतिहासाला धरून नासीरला मूल ठेवायचं आणि त्याचा चेहरा सोडून द्यायचा, किंवा त्याला सोळा वर्षांचा करून नकाशावर उभं करायचं. भावानं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला: सोळा धरा. १३८२ ला सोळा म्हणजे १४३७ ला एकाहत्तर, अशक्य काही नाही. पण सोबतच्या माहितीच्या (रीडमी) फाइलीत ही सूट घेतल्याचं लिहायचं, ही त्याची अट. ती पाळली.

याच ओघात वर्षांचं गणितही नीट बसवावं लागलं. मूळ खेळात एका चालीला दोन वर्षं सरतात, पण माणसं मात्र चालीला अर्ध्या वर्षानंच वाढतात. तसंच ठेवलं असतं तर १३८२ पासून १३९९ पर्यंत साडेआठ चाली, आणि तेवढ्यात मलिक राजा चार वर्षांनीच म्हातारा. चालीला अर्धं वर्ष केलं तेव्हा कॅलेंडर आणि माणसं एका गतीनं चालू लागली.

काय केलं: मोजणी

आता मूळ क्रॅश. मॉडच्या सेटिंगच्या फाइलीत नोंदवही पूर्ण बोलती करायची ओळ टाकली. खेळ बंद पडल्यावर नोंदवहीत शेवटी काय वाचत होता ते दिसतं. गाडी मॉडेलडीबीपाशी थांबली होती, एवढं कळलं. नेमकी कोणती नोंद, ते नाही.

ही फाइल मोठी चमत्कारिक आहे. तिच्यात प्रत्येक शब्दाआधी त्या शब्दाची अक्षरं किती, हा आकडा लिहावा लागतो. खेळ आकडा वाचतो, बरोबर तेवढी अक्षरं उचलतो आणि पुढे सरकतो. फाइलीच्या अगदी डोक्यावर जे दोन इंग्रजी शब्द आहेत त्यांच्याआधीसुद्धा २२ लिहिलेलं आहे, आणि मोजलं तर दुहेरी विसर्गचिन्हासकट बावीसच भरतात. त्याच माथ्यावर एकूण नोंदी किती हाही आकडा असतो. तो कमी लिहिला तर शेवटच्या नोंदी वाचल्याच जात नाहीत. जास्त लिहिला तर फाइल संपली तरी खेळ पुढची नोंद शोधत बसतो. वाण्याच्या जुन्या खतावणीसारखा प्रकार: एक आकडा हुकला की खालची सगळी बेरीज गेली.

भुसावळकरानं अर्धी-अर्धी करून शोधायची पद्धत धरली. नव्या चौदांतल्या सात काढ, चालव. मग तीन, मग दोन. पद्धत चांगलीच आहे. पण तिच्यात एक गृहीत असतं की चूक एकच आहे. इथं कुठलीही सात काढली तरी क्रॅश होत होता. दोन संध्याकाळी तो त्यामुळे खेळालाच दोष देत होता. एकदा तर नोंदी काढल्या आणि माथ्यावरचा आकडा कमी करायला विसरला. म्हणजे चूक शोधताना नवी चूक.

शेवटी हातानं मोजणं सोडलं. पायथॉनमध्ये चाळीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ती फाइल खेळासारखीच वाचते: आकडा घे, तितकी अक्षरं उचल, पुढे मोकळी जागा आहे का पाहा. नसेल तर थांब आणि कुठे थांबलास ते सांग. दुसरं काम, ज्या ज्या फाइलीचा पत्ता दिलाय ती डिस्कवर खरंच आहे का ते तपास. लिहायला एक रात्र लागली. भुसावळात त्या रात्री दोनदा वीज गेली, हे धरून.

स्क्रिप्टनं तीन चुका दाखवल्या. पहिली थाळनेरच्या भावाच्या कृपेनं. मॉडेलचं नाव आधी इंग्रजी लिपीत ‘मलिक’, अंडरस्कोर, ‘राजा’ असं होतं: पाच, एक आणि चार, मिळून १०. भावाला घराण्याचं नाव हवं होतं म्हणून पुढे अंडरस्कोर आणि ‘फारुकी’ जोडलं. अक्षरं झाली १७, आकडा राहिला १०. खेळ दहा अक्षरं उचलायचा आणि पुढे आकड्याची वाट पाहायचा, तर समोर फारुकी उभा.

दुसरी चूक माथ्यावरच्या एकूण आकड्याची, ती वर आलीच.

तिसरी मला फार आवडली. ताईनं टेक्श्चरचं फोल्डर मराठीत केलं होतं: ‘खान्देश’. आणि पत्त्यात तेच नाव देवनागरीत लिहून आधी आकडा टाकला होता ३. खा, न्दे, श. तिचं काय चुकलं? शाळेत आपण असंच मोजतो. पण संगणकाला ती सात चिन्हं दिसतात: ख, काना, न, पाय मोडण्याची खूण, द, मात्रा, श. यूटीएफ-८ मध्ये साठवली की प्रत्येकाचे तीन बाइट, एकूण २१. त्यात भावाच्या संगणकावर तेच फोल्डर ‘खानदेश’ असं होतं. तिथं डोळ्याला अक्षरं चार, म्हणजे एक जास्त, पण चिन्हं सहा आणि बाइट १८. दोघांचा शुद्धलेखनाचा वाद आधीपासूनचा होताच, आता त्याला बाइटचा आधार मिळाला! खेळाला देवनागरी पत्ता चालतो की नाही हे तपासत बसलो नाही. फोल्डरचं नाव इंग्रजी लिपीत केलं, आठ अक्षरं, वाद मिटला.

काय केलं: राजाच्या डोक्यावरचं लाकूड

खेळ उघडला. मोहीम सुरू झाली, लढाई लावली, आणि मलिक राजा अजूनही अरबी सरदारच. एक पूर्ण संध्याकाळ यात गेली. कारण इतकंच की भुसावळकर वेळ वाचवायला जुनी जतन केलेली मोहीम उघडत होता. डेस्कर-स्ट्रॅट वाचली जाते ती नवी मोहीम सुरू करतानाच. जतन केलेल्या खेळात पात्रं जशी होती तशीच राहतात. मॉडेलडीबी बदलली तर खेळच बंद करून उघडावा लागतो. म्हणजे एका चाचणीला चार-पाच मिनिटं, आणि ती वाचवायची वाट नाही.

नवी मोहीम लावल्यावर राजा दिसला. ताईचं पहिलं मॉडेल मात्र भावानं नापास केलं: घेरदार जामा, डोक्यावर तुरा. ‘हा दोनशे वर्षं पुढचा माणूस आहे, ताई. अकबरानं असीरगड घेतला तो १६०१ मध्ये, तेव्हाचे कपडे आहेत हे.’ मलिक राजाचं समकालीन चित्र हाताशी नाही, त्यामुळे अंदाजच करायचा. फिरोजशहा तुघलकाच्या पदरचा सरदार, म्हणून लांब कबा, आत कड्यांचं चिलखत, टोपीभोवती गुंडाळलेलं पागोटं असं ठरलं. मूळ खेळातल्या एका स्वार सरदाराचा आकार पायाला धरला. हे शहाणपणाचं झालं, कारण त्या आकारात प्रत्येक बिंदू कोणत्या हाडाला बांधलेला आहे ते आधीच ठरलेलं असतं. त्याची नोंदही घोड्यावरच्या हालचालींसह तयार मिळाली.

तरी एक गंमत झालीच. पागोटं ताईनं नव्यानं घडवलं आणि ते चुकून दुसऱ्या टेक्श्चरला जोडलं. या मॉडेल्सना दोन टेक्श्चर असतात: एक अंगाचं आणि एक शस्त्रं-ढालींचं. राजा रणांगणात आला तो डोक्यावर ढालीच्या लाकडाच्या रेघा घेऊन. भावानं त्याचं चित्र काढून तिघांच्या गटात टाकलं आणि खाली लिहिलं, ‘सागवान शे का?’ पागोटं अंगाच्या टेक्श्चरवर हलवलं, दहा मिनिटांचं काम.

आसा अहीर मात्र आला तो चांदीचा होऊन. डोक्यापासून टाचेपर्यंत चकचकीत, चेहरा नाही, कपडे नाहीत. मॉडिंगवाले याला सिल्व्हर सर्फर म्हणतात, आणि कारण जवळजवळ नेहमी एकच: ज्या पक्षाकडून हा माणूस लढतोय त्या पक्षाचं टेक्श्चर नोंदीत नाही. भुसावळकरानं आसाची नोंद मलिक राजाच्या नोंदीवरून उतरवली होती, त्यात फक्त फारुकी पक्ष. आसा तर बंडखोरांच्या यादीत.

इथं पुन्हा एक निर्णय. फक्त बंडखोर पक्ष जोडायचा, की सगळेच? मी म्हटलं, सगळे. या खेळात सरदार लाच घेऊन दुसऱ्याला मिळू शकतो. उद्या कुणी नासीरला फोडलं तर तो तिकडे जाऊन चांदीचा होईल. प्रत्येक पक्षापुढे त्याच टेक्श्चरचा पत्ता लिहिला, तिन्ही नोंदींत. ओळी वाढल्या, पक्षांचा आकडाही बदलावा लागला, पण स्क्रिप्ट होती म्हणून भीती वाटली नाही.

मध्ये एक नकोशी गोष्टही घडली. घाई झाली म्हणून भुसावळकरानं सामायिक सरदारासाठी दुसऱ्या एका मॉडमधलं तयार मॉडेल उचलून लावलं होतं, न विचारता. ‘सगळेच करतात, दादा.’ ताईनं ते पाहिलं आणि दोन दिवस बोलली नाही. तिचं म्हणणं, माझं पागोटं उद्या कुणी असंच नेलं तर? ते मॉडेल काढलं. मूळ खेळातल्याच आकारावर तिनं तीन आठवड्यांत दुसरं केलं. वेळ गेला, पण या बाबतीत मी पूर्णपणे ताईच्या बाजूचा आहे.

निकाल

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तिघं थाळनेरला जमले, मीही गेलो. भावाच्या घरी झोका बांधलेला, आत आंब्याचा रस, आणि ओसरीवर लॅपटॉप. मोहीम पहिल्यापासून लावली. नकाशावर फारुकी सरदारांचा सामायिक बाहुला, खालच्या पट्टीत चौदाही जणांची स्वतंत्र चित्रं, रणांगणात तीन ओळखू येणारे चेहरे. दुपारभर खेळलो, क्रॅश एकही नाही. एका लढाईत मलिक राजा पडला. नासीर गादीवर आला तो स्वतःचा चेहरा घेऊनच, कारण मॉडेल त्याच्या ओळीला बांधलेलं आहे, गादीला नाही. त्याचा पुढे जन्मलेला मुलगा मोठा झाला तेव्हा सामायिक चेहऱ्यानं आला. ते अपेक्षितच होतं आणि कुणाला खटकलं नाही.

भावाचे आजोबा मागून बराच वेळ पाहत होते. ‘हाऊ कोन शे?’ त्यांनी विचारलं. ‘आपला थाळनेरचा राजा, आबा.’ आजोबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, ‘घोडा चांगला शे.’ घोडा मूळ खेळातला होता. तेवढ्याला तिघांपैकी कुणी हात लावलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच दिवशी एकच पात्र, एकच नोंद, अगदी मूळ खेळातल्याच मॉडेलची नक्कल करून लावायला हवी होती. ताईचा एकही तास न घालवता सगळी साखळी कळली असती: नाव, मॉडेलडीबी, डेस्कर-स्ट्रॅटची ओळ, नवी मोहीम. चौदा मॉडेल्सच्या नोंदी एकदम भरल्या, म्हणून चुका एकमेकींच्या मागे लपल्या. चौदांतली सहा मॉडेल्स ताईनं अर्धीमुर्धी केली होती; ती आजही तिच्या डिस्कवर पडून आहेत आणि विषय काढला की ती विषय बदलते.

मोजणीची स्क्रिप्ट दुसऱ्या क्रॅशनंतर लिहायला हवी होती, नवव्यानंतर नव्हे. त्यात माझाही दोष आहे. ‘हातानं एकदा नीट मोजून बघ’ हा सल्ला पहिल्या फोनवर मीच दिला होता.

फोल्डरांची नावं कशी लिहायची, कोणती फाइल कुणी बदलायची, हे कामाच्या आधी कागदावर यायला हवं होतं. तीन गावांत तीन संगणक आणि फाइली पेनड्राइव्हवर, व्हॉट्सअॅपवर. एकदा तर भुसावळकराची दुरुस्त फाइल भावाच्या जुन्या फाइलीनं झाकली गेली आणि फारुकीचा १० पुन्हा परत आला. स्क्रिप्ट नसती तर पुन्हा दोन संध्याकाळी गेल्या असत्या.

नकाशावरच्या बाहुल्याबद्दल मतभेद अजून आहे. भावाला मलिक राजा तिथंही मलिक राजाच हवा. भुसावळकर बाहेरच्या साधनाची लुआ स्क्रिप्ट लिहून बघतोय. मी अजून त्या बाजूला गेलेलो नाही, कारण शिरपूरच्या त्या पोरांना ते साधन बसवायला मदत कोण करणार, हा प्रश्न सुटलेला नाही. सध्या दोन फोल्डर केली आहेत, एक साधनासकट, एक त्याविना. दोन्हींतली मॉडेलडीबी एकच राहील याची जबाबदारी ताईनं घेतली आहे.